विकिपीडियाची असाइनमेंट जरूर द्या, पण बाइट मोजून मार्क देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी एका दिवसात विकिपीडियावर ढीगभर लेख लिहिले अशी बातमी अधूनमधून पेपरात येते, सोबत कॉम्प्युटर लॅबमधला ग्रुप फोटो असतो आणि वर 'ज्ञानभांडारात मोलाची भर' छाप मथळा. वाचून बरं वाटतं, नाही असं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्या लेखांचं काय होतं हे कोणीच छापत नाही म्हणून हे पत्र लिहितोय. मी मराठी विकिपीडियावर फावल्या वेळात 'अलीकडील बदल' बघत बसणाऱ्यांपैकी एक. पगार नाही, पद नाही, प्रचालक (म्हणजे अ‍ॅडमिन) सुद्धा नाही, नुसता सदस्य. कोणी काय टाकलं, काय उडवलं ते बघायचं, चुकीचं असेल तर उलटवायचं, म्हणजे आधीसारखं करायचं, आणि बरं असेल तर थोडं नीटनेटकं करायचं, एवढंच काम. असाइनमेंटचा सीझन आला की सांगावं लागत नाही, एरवी निवांत असलेली यादी एकदम पळायला लागते, सगळी नवी लाल नावं (नव्या सदस्याचं नाव तिथे लाल दिसतं), सगळ्यांचे विषय एकाच सिलॅबसमधले, आणि सगळं डेडलाइनच्या आदल्या रात्री.

आधीच सांगून टाकतो, मी या असाइनमेंटच्या विरोधात नाही. एरवी पोरं जे प्रोजेक्ट लिहितात ते एक मास्तर वाचतो (तोही वाचतोच असं नाही) आणि मग ते कपाटात जातं. इथे लिहिलेलं निदान कोणीतरी वाचतं. माझं भांडण आहे ते असाइनमेंट ज्या पद्धतीने दिली जाते त्याच्याशी. बहुतेक वेळा सूचना एवढीच असते की प्रत्येकाने एक नवीन लेख तयार करायचा, किमान इतके शब्द, सोबत स्क्रीनशॉट जोडायचा. आता तुम्ही एकोणीस वर्षांचे आहात, अजून चार विषयांची सबमिशन बाकी आहेत आणि तुम्हाला एका रात्रीत पाचशे शब्द हवेत, तर तुम्ही काय कराल? गूगल कराल, पहिल्या लिंकवरून उचलाल आणि चिकटवाल. त्यात पोराचा दोष कमी आणि सूचनेचा जास्त.

हे नुसतं माझं मत नाही, हा प्रयोग होऊन गेलाय. २०११ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातल्या काही कॉलेजांमध्ये इंडिया एज्युकेशन प्रोग्राम नावाचा पायलट केला होता, विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लिहायचं. कल्पना झकास होती. झालं काय, तर पोरं खूप, शिकवणारे कमी, आणि बऱ्याच जणांनी पुस्तकांतले आणि वेबसाइटवरचे उतारेच्या उतारे जसेच्या तसे चढवले. कॉपीराइटचा भंग म्हणजे विकिपीडियावर मोठा गुन्हा, तिथे 'नंतर बघू' चालत नाही. जगभरातले स्वयंसेवक एकेक लेख उघडून कुठलं वाक्य कुठून आलंय ते शोधत बसले, आणि शेवटी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पायलट बंद करावा लागला. त्यावर तेव्हा भरपूर लिहिलं गेलंय, सगळं उघड आहे, कोणालाही वाचता येतं. आज असाइनमेंट देणाऱ्यांपैकी किती जणांनी ते वाचलंय हा प्रश्न मी कोणाला विचारत नाही, कारण उत्तर काय येईल ते माहिती आहे.

आणि तो तर इंग्रजी विकिपीडिया होता, तिथे साफसफाई करायला माणसं तरी आहेत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, म्हणजे वीस वर्षं कधीच उलटून गेली, पण रोज येऊन लक्ष ठेवणारे लोक अजून थोडेच आहेत. लहान भाषेच्या विकिपीडियाला हा धोका कायमच असतो. २०२० मध्ये स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाचं जे उघडकीला आलं ते आठवत असेल, अमेरिकेतल्या एका पोराने ती भाषा धड येत नसताना तिच्यात हजारो लेख लिहून ठेवले होते, वर्षानुवर्षं, आणि तो मुद्दाम खोडी काढत नव्हता, त्याला वाटत होतं आपण भाषेची सेवा करतोय. बघणारंच कोणी नव्हतं. त्यामुळे एका वर्गाने एका रात्रीत साठ कच्चे लेख टाकले तर इंग्रजीत तो एक त्रास असतो, आमच्याकडे तेच काम पुढचे कित्येक आठवडे पुरतं आणि बाकी सगळं थांबतं.

बरं, कॉपी न करता स्वतः लिहिणारी पोरंही असतात, त्यांची अडचण वेगळी. शाळेपासून निबंध लिहायची सवय लागलेली असते. निबंधात शेवटी स्वतःचं मत मांडलं की मार्क मिळतात, विकिपीडियावर तेच वाक्य सगळ्यात आधी उडतं. 'यावरून आपल्याला असे दिसून येते की' असं सुरू झालेलं वाक्य मी बघितलं की पुढचं न वाचता कर्सर तिकडे नेतो. 'थोर', 'महान', 'दैदीप्यमान कारकीर्द', 'त्यांचे योगदान अतुलनीय आहे'... ही विशेषणं काढून टाकली तर अर्धा लेख गायब होतो, आणि जे उरतं त्यात त्या माणसाने नेमकं केलं काय याचं एकही वाक्य नसतं. खरं तर या असाइनमेंटमधली सगळ्यात चांगली शिकवण हीच आहे, की तू काय म्हणतोस ते नको, कोणी कुठे म्हटलंय ते सांग, आणि दोन लोक उलटसुलट म्हणत असतील तर दोघांचं सांग. तटस्थ दृष्टिकोन, पडताळण्याजोगी माहिती आणि स्वतःचं संशोधन नको, ही तीन तत्त्वं एका तासात सांगता येतात. पण तो तास कुठे होतो? तो तास 'अकाउंट कसं उघडायचं' यात जातो.

अकाउंटवरून आठवलं. एकाच इंटरनेट कनेक्शनवरून एका दिवसात साधारण सहाच नवी खाती उघडता येतात, स्पॅम करणाऱ्यांना आवर घालायला तशी मर्यादा ठेवलेली आहे. लॅबमध्ये चाळीस पोरं बसवून 'चला उघडा अकाउंट' म्हटलं की सातव्या पोराला एरर येतो, मग सर म्हणतात साइट डाउन आहे, आणि मग सगळे एकाच लॉगिनवरून लिहितात, जे नियमाविरुद्ध आहे. उपाय साधा आहे, खाती घरून आधीच उघडून यायची, किंवा आधी कळवलं तर ती मर्यादा तेवढ्यापुरती वाढवून मिळू शकते. अजून एक, खात्याला स्वतःचं पूर्ण नाव आणि रोल नंबर देऊ नका हे पोरांना कोणीतरी सांगा हो. ते पानांच्या इतिहासात सगळ्यांना दिसत राहतं, आणि तिथे लिहिलेला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली जातो, म्हणजे नाव देऊन तो कोणीही कुठेही वापरू शकतो, नंतर 'परत घेतो' म्हणता येत नाही. एखाद्या विद्यार्थ्याला असं जाहीर लिहायचं नसेल तर त्याला दुसरी असाइनमेंट मिळाली पाहिजे, हे मी तरी कुठल्याच सूचनापत्रात पाहिलेलं नाही.

आता बाइट, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकुराचा आकार मोजायचं माप. प्रत्येक पानाचा इतिहास उघडला की कोणी किती बाइटची भर घातली ते दिसतं, हिरव्या आकड्यात, आणि तो आकडा बघून काही ठिकाणी मार्क दिले जातात असं विद्यार्थीच चर्चा पानावर (लेखाबद्दल बोलायला त्याला जोडलेलं पान) सांगतात. देवनागरीतलं एक चिन्ह युनिकोडमध्ये तीन बाइट घेतं, काना-वेलांटी आणि पाय मोडायचं चिन्ह सगळं धरून, त्यामुळे 'क्षि' एवढं एक अक्षर बारा बाइटचं होतं. म्हणजे जोडाक्षरं जास्त वापरली तर मार्क जास्त! गंमत सोडा, पण बाइटवर मार्क दिले की काय होतं ते मी रोज बघतो, एकच परिच्छेद थोडा बदलून दोनदा टाकलेला, पानभर मोकळ्या ओळी, मशीन ट्रान्सलेशनचा अख्खा ठोकळा. आणि ज्या मुलीने लायब्ररीत बसून एका चुकीच्या तारखेचा नीट संदर्भ शोधला आणि तारीख बदलली, तिच्या नावापुढे काय दिसतं? बदललेल्या अंकांचे बाइट सारखेच, त्यामुळे नुसता संदर्भ जोडल्याचा आकडा. त्या वर्गात सगळ्यात चांगलं काम तिचं असतं आणि मार्क सगळ्यात कमी.

मग मार्क द्यायचे कशावर? माझं म्हणणं एकच आहे, लेख किती मोठा झाला यावर नाही, तो टिकला की उडाला यावरही नाही, तर पोरगं तिथे कसं वागलं यावर. हे बघणं अजिबात अवघड नाही, उलट विकिपीडियाइतकी उघडी वही दुसरी कुठली नसेल. प्रत्येक सदस्याच्या 'योगदान' पानावर मिनिटासकट सगळं असतं, कधी आला, काय बदललं, बदलाचा सारांश काय लिहिला, कोणी हरकत घेतली आणि त्यावर त्याने चर्चा पानावर उत्तर दिलं की नाही. तीन आठवडे थोडं थोडं काम केलेलं पोर आणि रात्री साडेअकराला सगळं एकदम चिकटवून पळालेलं पोर यातला फरक कळायला शिक्षकाला पाच मिनिटं पुरतात. नवा लेख तर पहिल्या महिन्यात मागूच नये. आधीपासून असलेल्या हजारो लेखांत 'संदर्भ हवा' अशी खूण लावलेली वाक्यं पडून आहेत. एक वाक्य घ्या, ते खरं आहे का शोधा, खरं असेल तर पुस्तकाचं नाव आणि पान नंबर लावा, खोटं असेल तर चर्चा पानावर कारण लिहून काढा. ही झाली असाइनमेंट. ऐकायला किरकोळ वाटते, पण करून बघा, एका वाक्यासाठी तीन पुस्तकं चाळावी लागतात आणि तिन्हींत वेगळी तारीख सापडते, मग खरा अभ्यास सुरू होतो.

लेख उडाला म्हणून मार्क कापणं तर फारच अन्यायाचं. उल्लेखनीयतेचे, म्हणजे कशावर लेख असावा याचे, निकष असतात, त्यावर मतभेद होतात, आणि अनुभवी लोकही चुकतात. कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांच्यावरच्या लेखाचा मसुदा २०१८ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर 'पुरेशी उल्लेखनीयता दिसत नाही' म्हणून परत पाठवला गेला होता आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना फिजिक्सचं नोबेल जाहीर झालं. तेव्हा एखाद्या विद्यार्थ्याचं पान काढलं गेलं तर त्याने शांतपणे विचारावं, का काढलं, काय कमी होतं, आणि मार्क त्या विचारण्याला मिळावेत. आणि कच्चं काम धूळपाटीवरच, म्हणजे सरावाच्या पानावरच, राहिलं तरी काही बिघडत नाही. धूळपाटी त्यासाठीच असते, तिथे कितीही चुका करा, कोणी काठी घेऊन येत नाही.

यातलं काही होण्यासाठी शिक्षकाचं स्वतःचं खातं पाहिजे आणि त्याने आधी थोडंफार संपादन केलेलं पाहिजे. काठावर बसून पोहायला शिकवता येत नाही, आणि इथे नेमकं तेच चाललंय. पोराचा बदल कोणी उलटवला की ते घाबरून सरांना विचारतं, सरांना चर्चा पान म्हणजे काय ते माहीत नसतं, सर सांगतात परत टाक, ते परत टाकतं, आम्ही परत उलटवतो, तिसऱ्या फेरीला कोणीतरी प्रचालक येऊन खातं ब्लॉक करतो. मग आमच्या नावाने बोंब, की ही मंडळी नवख्यांना उभं करत नाहीत. (आमच्यातही काही तिरसट लोक आहेत, ते मान्य. नुसतं 'नियम वाचा' लिहून निघून जातात, कुठला नियम ते सांगत नाहीत.) शिक्षकाने कोर्स सुरू व्हायच्या आधी चावडीवर (विकिपीडियावरचं सगळ्यांच्या चर्चेचं पान) दोन ओळी लिहिल्या, की अमुक महिन्यात इतके विद्यार्थी या विषयावर काम करणार आहेत, तर निम्मी भांडणं तिथेच संपतील. आम्हीही मग चार लेख वाटून घेतो, मदत करतो, त्यात आनंदच असतो.

नीट केलं तर काय होतं याचीही उदाहरणं आहेत. २००८ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जॉन बीझली-मरे या प्राध्यापकांनी लॅटिन अमेरिकन साहित्याच्या वर्गाला टर्म पेपरऐवजी विकिपीडियाचे लेख सुधारायला दिले. गटागटाने काम, पूर्ण सेमिस्टर, अनुभवी विकिपीडियन मंडळी मदतीला, आणि शेवटी तीन लेख इंग्रजी विकिपीडियाच्या सर्वोच्च दर्जाला पोचले आणि आठ त्याच्या खालच्या 'चांगला लेख' दर्जाला. त्याहून मला भारी वाटतं ते आयर्लंडचं. तिथे कायद्याच्या विद्यार्थ्यांनी आयरिश सुप्रीम कोर्टाच्या निकालांवर दीडशेहून जास्त लेख लिहिले, त्यातले निम्मे चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून विकिपीडियावर चढवले आणि निम्मे राखून ठेवले. २०२२ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्या निकालांवर लेख चढवले होते त्यांचा दाखला नंतरच्या कोर्टाच्या निकालांमध्ये वीस टक्क्यांहून जास्त वाढला होता. म्हणजे न्यायाधीश, निदान त्यांच्यासाठी शोधाशोध करणारे लोक, विद्यार्थ्यांनी लिहिलेलं वाचत होते. ज्या पोराला वाटतं की आपली असाइनमेंट कोण वाचतंय, त्याला हे सांगा. आणि ज्या पोराने डेडलाइनसाठी खोटा संदर्भ ठोकला त्यालाही सांगा.

खोट्या संदर्भावरून आता एआयचं. मागच्या दोनतीन वर्षांत कॉपी-पेस्ट कमी झालंय, कारण त्याची गरजच उरली नाही, चॅटबॉट अख्खा लेख लिहून देतो, गुळगुळीत आणि खाली पाच संदर्भांसकट. संदर्भ बघायला गेलं तर पुस्तक अस्तित्वात नाही, लेखक आहे पण त्याने असं काही लिहिलेलं नाही, पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक टाकला तर भलत्याच विषयाचं पुस्तक निघतं. पूर्वी चोरी पकडायला मूळ मजकूर सापडायचा, आता नसलेली गोष्ट नाही हे सिद्ध करायला तास जातो. इंग्रजी विकिपीडियाने २०२५ मध्ये नियम केला की न तपासता चढवलेले असे उघड एआयचे लेख लांबलचक चर्चेशिवाय लगेच काढता येतील. आणि गंमत अशी की हे चॅटबॉट विकिपीडियावरच शिकलेले असतात, त्यामुळे मराठीत आज टाकलेला कचरा उद्या उत्तर म्हणून परत आपल्याच तोंडावर येणार, मराठीत मुळात मजकूर कमी म्हणून तर जास्तच.

काही शिक्षक म्हणतात की आम्हीच सांगतो विकिपीडियाचा संदर्भ देऊ नका, मग त्यावर लिहायला कसं लावायचं? यात विसंगती नाही. अमेरिकेतल्या मिडलबरी कॉलेजच्या इतिहास विभागाने २००७ मध्ये विद्यार्थ्यांना विकिपीडियाचा दाखला द्यायला मनाई केली, कारण जपानच्या इतिहासाच्या परीक्षेत काही जणांनी तिथूनच उचललेली एकच चूक लिहिली होती. विकिपीडिया स्वतःही हेच म्हणतो की आमचा दाखला देऊ नका, खाली दिलेल्या स्रोतांपर्यंत जा. जे पोरगं एकदा तरी स्वतः असं पान लिहितं त्याला ते आपोआप पटतं, कारण पानामागे कोण बसलंय ते त्याने पाहिलेलं असतं.

आता संपादक महोदय, थोडं तुमच्याकडे वळतो, कारण हे सगळं ज्याच्यावर उभं आहे ते संदर्भ, आणि मराठी विषयांसाठी बरेचदा संदर्भ म्हणजे वर्तमानपत्रच असतं. स्थानिक नाटक मंडळी, एखादी सहकारी संस्था, वारलेला एखादा कार्यकर्ता, यांच्यावर पुस्तकं नसतात, तुमच्याकडची बातमी असते. आणि ती बातमी सापडत नाही. पेपरांच्या वेबसाइटचं रूपडं दर काही वर्षांनी बदलतं आणि जुन्या सगळ्या लिंका मरतात, आम्ही लावलेले संदर्भ एका रात्रीत मेलेले दिसतात, मग जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हवर कॉपी सापडली तर नशीब. ई-पेपरमध्ये पान चित्र म्हणून असतं, त्यात शब्द शोधता येत नाही. कित्येक बातम्यांवर तारीख नसते, असली तर ती 'अपडेट' केल्याची असते, वार्ताहराचं नाव नसतं. वर काही वेळा पेपरात आलेली माहिती आमच्याच कच्च्या लेखातून, नाव न देता उचललेली असते, आणि मग एखादं हुशार पोरगं तीच बातमी त्याच लेखाला संदर्भ म्हणून लावतं. चूक वर्तुळ पूर्ण करून पक्की होते आणि मग ती उपटायला कोणाचा बाप आला तरी जमत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी तो लॅबमधला ग्रुप फोटो छापायच्या आधी तुमच्या वार्ताहराला एवढं करायला सांगा, त्या लेखांपैकी कुठलेही दोन उघडून त्यांचा इतिहास आणि चर्चा पान बघायचं आणि मग बातमी लिहायची. आणि तुमच्या साइटवर जुन्या बातम्यांच्या लिंका मूळ तारखेसकट चालू ठेवता येतील का ते तुमच्या आयटीवाल्यांना विचारा, ते काम अवघड नाही, जुना पत्ता नव्या पत्त्याकडे वळवायचा असतो. उत्तर छापलंत तर मी ते चावडीवर टाकेन, संदर्भासकट.

आपला,
'अलीकडील बदल' बघत बसणारा एक वाचक